एंटरप्राइझ, एच्. एम्. एस्.

ब्रिटिश राजनौदलातील एमरल्ड वर्गाची हलकी क्रूझर. जलावतरण २३ डिसेंबर १९१९. नौदलाच्या सेवेत प्रवेश एप्रिल १९२६. १९४६ मध्ये मोडीत. पहिल्या महायुद्धातील एका विशिष्ट भीतीपोटी तिचा आराखडा तयार झाला. परंतु ज्या शत्रूसाठी ती बांधली गेली, तो शत्रू ती समुद्रात उतरण्यापूर्वीच नाहीसा झाला. पुढे दोन महायुद्धांमधील बारा-तेरा वर्षांचा बहुतेक काळ तिने हिंदी महासागरात ब्रिटिश साम्राज्याची पहारेकरीण म्हणून घालविला. या काळात तिच्या तोफांपेक्षा तिच्या वेगाचाच उपयोग अधिक झाला. १९२८ मध्ये ब्रिटनच्या युवराजाला आफ्रिकेतून आजारी पित्याकडे तिने नेले आणि १९३६ मध्ये इथिओपियाच्या पदच्युत होऊ घातलेल्या सम्राटाला त्याच्या देशाच्या वेशीवरून पॅलेस्टाइनला पोहोचविले. या दोन सफरी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्या काळातील ब्रिटिश सागरी सत्ता काय करू शकत होती आणि काय करावयास तयार नव्हती, हे पुष्कळसे स्पष्ट होते.

क्रूझर हा युद्धनौकेचा प्रकार आकाराने रणनौका व विनाशिका यांच्या मधला होय. व्यापारी मार्गांचे रक्षण, शत्रूच्या आरमाराची टेहळणी, विनाशिकांच्या तांड्यांचे नेतृत्व आणि शांततेच्या काळात दूरच्या बंदरांतून आपल्या सत्तेचे दर्शन घडविणे, ही तिची पारंपरिक कामे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी उत्तर समुद्रासाठी तीन ते पाच हजार टनांच्या लहान व चपळ क्रूझर मोठ्या संख्येने बांधल्या. १७ ऑक्टोबर १९१७ रोजी ‘ब्रुमर’ व ‘ब्रेमझे’ या दोन जर्मन नौकांनी नॉर्वेच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या जहाजांच्या काफिल्यावर अचानक हल्ला चढविला. ‘मेरी रोझ’ व ‘स्ट्राँगबो’ या रक्षक विनाशिका आणि नऊ व्यापारी जहाजे बुडवून त्या सुखरूप निसटल्या. त्या वस्तुतः सुरुंग पेरणाऱ्या क्रूझर होत्या. जर्मनी याहूनही वेगवान नौका बांधीत असल्याच्या वार्ता लंडनला येत होत्या आणि ॲडमिरल्टीने त्या खऱ्या मानल्या. त्या बव्हंशी अतिरंजित होत्या, हे युद्ध संपल्यावर कळले. अशा नौकांना गाठू शकेल एवढा वेग, हा एमरल्ड वर्गाच्या रचनेचा मूळ हेतू होता.

मार्च १९१८ मध्ये या वर्गाच्या तीन नौकांची मागणी नोंदविण्यात आली : ‘एमरल्ड’, ‘एंटरप्राइझ’ आणि ‘युफ्रेटीझ’. पैकी एंटरप्राइझची बांधणी स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील जॉन ब्राऊन यांच्या कारखान्यात जून १९१८ मध्ये सुरू झाली. पाच महिन्यांतच युद्धतहकुबी झाली. युफ्रेटीझची मागणी रद्द झाली. उरलेल्या दोघींचे काम चालू राहिले, परंतु घाई संपली होती. पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही असे गृहीत धरून लष्करी खर्चाचे अंदाज करावेत, असे धोरण ब्रिटिश मंत्रिमंडळाने १९१९ मध्ये ठरविले. अर्धवट बांधलेल्या क्रूझरसाठी पैसा काढून देण्याची निकड मग कोणालाच वाटेना. जलावतरणानंतर एंटरप्राइझ डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत पूर्ण करण्यासाठी आणण्यात आली आणि तिथेच वर्षे गेली. तिचा पाया घातल्यापासून तिच्यावर ध्वज चढेपर्यंत जवळजवळ आठ वर्षे लोटली.

रचना : एंटरप्राइझची लांबी सु. १७४ मी., रुंदी सु. १६·६ मी. आणि प्रमाण विस्थापन सु. ७,५०० टन होते. आधीच्या ‘डी’ वर्गातील क्रूझरच्या दीडपटीहून थोडे अधिक वजन, परंतु यंत्रशक्ती मात्र बरोबर दुप्पट, म्हणजे ८०,००० अश्वशक्ती, असे तिचे गणित होते. त्या काळच्या मोठ्या विनाशिकांत बसविण्यात येणाऱ्या टरबाइन-संचांसारखे संच दुपटीने बसवून हे साधले होते. तेलावर चालणारी आठ बाष्पित्रे आणि चार मळसूत्री पंखे यांच्या जोरावर ती ताशी ३३ नॉट (सु. ६१ किमी.) वेग गाठत असे. लांबट सडपातळ बांधा आणि बाष्पित्रांच्या मांडणीमुळे असमान अंतरावर उभे असलेले तीन धुराडे, यांमुळे या वर्गाच्या नौका दुरूनही ओळखता येत. सौंदर्यदृष्ट्या त्यांची फारशी कोणी स्तुती केलेली नाही.

तिच्यावर १५ सेंमी. व्यासाच्या सात तोफा होत्या. एमरल्डवरील सातही तोफा सुट्या व ढालीआड होत्या. एंटरप्राइझच्या नाळेकडील भागात मात्र दोन तोफांचा एक बंदिस्त फिरता घुमट प्रयोगादाखल बसविण्यात आला. सुट्या तोफेवर काम करणारे गोलंदाज ऊन, वारा आणि लाटा यांच्या माऱ्यात उघडे असत आणि दारूगोळा हातांनी उचलून द्यावा लागे. घुमटात हे काम आडोशाला व बरेचसे यंत्राने होई. हा प्रयोग यशस्वी ठरला आणि याच जातीचे घुमट पुढे ‘नेल्सन’ व ‘रॉडनी’ या रणनौकांच्या दुय्यम तोफांसाठी आणि नंतर ‘लिअँडर’ वर्गाच्या क्रूझरसाठी घेण्यात आले. जुन्या युद्धाच्या कल्पनेतून निघालेल्या या नौकेने पुढच्या युद्धातील नौकांना जे दिले, ते एवढेच; पण ते थोडे नव्हे. पाणतीर सोडणाऱ्या नळ्या प्रारंभी बारा होत्या. पुढे त्या सोळा करण्यात आल्या व कोणत्याही ब्रिटिश क्रूझरवर याहून अधिक नळ्या कधी नव्हत्या. चिलखत मात्र बेताचेच होते. कुशीवर ते जास्तीत जास्त ७–८ सेंमी. जाडीचे होते. वेगासाठी संरक्षणाचा त्याग, ही त्या काळच्या सर्वच हलक्या क्रूझरची कहाणी होय.

वॉशिंग्टनच्या तहाने (१९२२) क्रूझरची कमाल मर्यादा १०,००० टन व २० सेंमी. तोफा अशी ठरविली होती आणि सर्वच सागरी राष्ट्रे त्या मर्यादेला भिडणाऱ्या नौका बांधू लागली होती. त्यामुळे एंटरप्राइझ सेवेत आली तेव्हाच काहीशी जुनी ठरली होती. नव्या क्रूझरशी तोफांच्या सामन्यात ती टिकली नसती. त्यांच्या बरोबरीने पळणे मात्र तिला शक्य होते. १९३० च्या लंडन तहाने १५·५ सेंमी. पर्यंतच्या तोफांच्या क्रूझरचा निराळा गट करून ब्रिटनला त्यात १,९२,२०० टनांची मर्यादा घातली. युद्धकाळातील शिल्लक नौकांपैकी अनेक जुन्या क्रूझर या मर्यादेपोटी मोडीत निघाल्या. एंटरप्राइझ तुलनेने नवी असल्याने राहिली.

हिंदी महासागरातील सेवा : एंटरप्राइझची नेमणूक ईस्ट इंडीज स्टेशनवरील चौथ्या क्रूझर दलात झाली. तिची भगिनी एमरल्ड याच दलात होती आणि ‘एफिंगहॅम’ ही अधिक मोठी क्रूझर ध्वजनौका होती. लाल समुद्राचे तोंड, एडन, इराणचे आखात, अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि सेशेल्स, मॉरिशस यांसारखी बेटे एवढ्या पाण्यावर देखरेख ठेवण्यासाठी सामान्यतः तीन क्रूझर आणि काही लहान सशस्त्र गलबते यांपलीकडे बळ नसे. दलाचा मुख्य तळ श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे होता. तेथे दोन महायुद्धांच्या दरम्यान तेलाच्या प्रचंड टाक्यांची रांग उभी करण्यात आली. पूर्वीच्या कोळशाच्या वखारींचे महत्त्व जाऊन आता अबादानच्या तेलावर हे आरमार चालू लागले होते. इराणच्या आखाताकडे ब्रिटिशांचे जे बारीक लक्ष असे, त्याचे हे एक कारण होय. १९३२ मध्ये इराणने अँग्लो-पर्शियन कंपनीचा तेलपरवाना रद्द केला तेव्हा ते लक्ष अधिकच बारीक झाले.

मुंबईशी या दलाचा निकटचा संबंध होता. येथे रॉयल इंडियन मरीनची जुनी गोदी होती. १९१४ मध्ये पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदीबरोबर खुली केलेली ३०० मी. हून लांब सुकी गोदीही येथेच होती. बदलून येणारे नौसैनिक येथे उतरत, पुरवठ्याचे सामान येथून चढे. या स्थानकावरील नौकांवर गोमंतकीय वाढपी व आचारी ठेवण्याची प्रथा होती, जशी ती भूमध्य समुद्रात माल्टी लोकांची आणि चीनच्या किनाऱ्यावर चिनी लोकांची होती. एंजिनघरातील व डेकवरील जड कामासाठी आफ्रिकी वंशाचे सिद्दी खलाशीही मुंबई, एडन, झांझिबार येथून घेतले जात. आखातातील उन्हाळ्यात बाष्पित्रांजवळ काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते. उत्तर समुद्रासाठी आखलेल्या नौकेत वातानुकूलनाचा प्रश्नच नव्हता. या माणसांची नोंद नौदलाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते.

या आरमाराच्या खर्चाचा काही भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. ईस्ट इंडीज दलाच्या खर्चापोटी हिंदुस्थान सरकार ब्रिटिश ॲडमिरल्टीला दरसाल एक लक्ष पौंड देत असे. या नौका कुठे जाव्यात, काय कराव्यात, याविषयी हिंदी विधिमंडळाला अर्थातच कोणताही अधिकार नव्हता. रॉयल इंडियन मरीनचे लढाऊ नौदलात रूपांतर करण्यासाठी शिस्तीविषयीचे विधेयक १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळापुढे आले, तेव्हा ते फेटाळले गेले. विरोधाचा मुख्य मुद्दा हाच होता : खर्च हिंदुस्थानचा, हुकूमत दुसऱ्याची. रूपांतर अखेर २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन नेव्ही या नावाने झाले. वर्षासन १९३८ मध्ये माफ झाले, तेही हिंदुस्थानने किमान सहा आधुनिक रक्षकनौका बाळगाव्यात या अटीवर. एंटरप्राइझच्या बारा-तेरा वर्षांच्या हकीकतीमागे हा हिशेब सतत उभा आहे.

नेहमीचे काम फारसे रोमहर्षक नव्हते. बंदरांना भेटी, तोफांची सलामी, शेखांचे स्वागत, गव्हर्नरांच्या मेजवान्या, खेळांचे सामने, मग पुन्हा समुद्र आणि तोफांचा सराव, असा क्रम वर्षानुवर्षे चाले. ‘ध्वज दाखविणे’ या नावाने ओळखले जाणारे हे काम निरर्थक होते असे म्हणता येत नाही. एका नौकेच्या येण्याने अनेक ठिकाणी सैन्य पाठविण्याची गरज टळत असे, आणि हे किती स्वस्तात होते हे लंडनला ठाऊक होते. या शांततेच्या खाली काय दडलेले असे हे एमरल्डच्या एका प्रसंगावरून दिसते. मार्च १९२७ मध्ये चीनमधील नानकिंग शहरात राष्ट्रवादी सैन्य शिरल्यावर परकीयांवर हल्ले झाले. यांगत्से नदीत नांगरलेल्या एमरल्डने दोन अमेरिकन विनाशिकांबरोबर शहरावर तोफा डागल्या आणि आपल्या नागरिकांची सुटका करविली. एंटरप्राइझच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही. तिच्या वाट्याला दोन प्रवासी आले.

युवराजाची सफर : १९२८ च्या हिवाळ्यात युवराज एडवर्ड पूर्व आफ्रिकेत शिकारीसाठी हिंडत होता. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याचा पिता पंचम जॉर्ज छातीच्या विकाराने व रक्तातील विषबाधेने अत्यवस्थ झाला. युवराज त्या वेळी टांगानिकाच्या अंतर्भागात होता. तारा पोहोचल्या, तो रेल्वेने दारेसलामला आला, आणि तेथे एंटरप्राइझ त्याची वाट पाहत होती. डिसेंबरच्या आरंभी ती निघाली. आफ्रिकेच्या शिंगाला वळसा घालून लाल समुद्र, सुएझ कालवा आणि पूर्व भूमध्य समुद्र या मार्गाने इटलीच्या ब्रिंडिझी बंदरात पोहोचली. सु. ७,५०० किमी.चे हे अंतर तिने आठ-नऊ दिवसांत कापले. ब्रिंडिझीहून खास आगगाडीने युरोप ओलांडून युवराज ११ डिसेंबर रोजी लंडनला पोहोचला. राजा या दुखण्यातून बरा झाला.

आफ्रिकेतून युरोपला नियमित हवाई वाहतूक तेव्हा नव्हती आणि प्रवासी आगबोटीला हाच प्रवास दुपटीहून अधिक वेळ लागला असता. जर्मन हल्लेखोरांच्या पाठलागासाठी निर्माण केलेला वेग असा प्रथमच पुरेपूर वापरला गेला. वृत्तपत्रांनी या सफरीचे मोठे कौतुक केले. नौदलालाही ते हवेच होते. क्रूझरच्या संख्येवरून लंडनमध्ये खजिना व ॲडमिरल्टी यांच्यात वाद चालू असताना साम्राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यात क्रूझर हाताशी असण्याचा उपयोग यापेक्षा ठळकपणे दाखविता आला नसता. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : इटलीची बंदरे आणि रेल्वे तेव्हा ब्रिटिश युवराजासाठी आनंदाने खुली झाली होती. भूमध्य समुद्र हा दोन मित्रराष्ट्रांमधील रस्ता होता. आठ वर्षांनी तसे राहिले नव्हते.

मधल्या काळात आर्थिक मंदी आली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटिश सरकारने नौसैनिकांचे वेतन कापले. जुन्या वेतनश्रेणीवरील खलाशाची दिवसाची मिळकत चार शिलिंगांवरून तीनवर आली. स्कॉटलंडमधील इनव्हरगॉर्डन येथे अटलांटिक आरमाराने कामावर येण्याचे नाकारले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. दूरच्या स्थानकांवर असे काही घडले नाही, पण घरी पैसे पाठविणाऱ्या खलाशांना ही कपात तेवढीच लागू होती. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास एंटरप्राइझ स्वदेशी मोठ्या दुरुस्तीसाठी गेली. तिच्यावर टेहळणी-विमान उडविण्याचा प्रक्षेपक बसविण्यात आला आणि १९३६ च्या वसंत ऋतूपर्यंत ती पुन्हा आपल्या जुन्या पाण्यात परतली.

सम्राटाची सफर : ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवून आर्थिक निर्बंध घातले, परंतु त्यांत तेलाचा समावेश नव्हता आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना बंद करण्यात आला नाही. इटालियन सैन्य, तोफा, मोहरीचा विषारी वायू हे सर्व त्याच कालव्यातून, शुल्क भरून, लाल समुद्रात उतरले. ब्रिटनने भूमध्य समुद्रातील आरमार वाढविले व एडनकडेही नौका धाडल्या. पण त्या वापरण्याचा निर्णय झाला नाही. इटलीशी युद्ध ओढवले तर जर्मनी आणि जपान यांना मोकळे रान मिळेल, अशी भीती ॲडमिरल्टीला वाटत होती. ही भीती निराधार नव्हती. मात्र तिचे मूल्य कोणी चुकविले, हेही विसरता येत नाही.

३१ मार्च १९३६ रोजी मायच्यू येथे सम्राट हैले सेलासी याच्या सैन्याचा पराभव झाला. राजधानीत परतल्यावर सरदारांच्या सल्ल्यानुसार त्याने देश सोडून राष्ट्रसंघापुढे आपली बाजू मांडण्याचे ठरविले. २ मे रोजी पहाटे तो कुटुंबीयांसह अदिस अबाबाहून रेल्वेने निघाला आणि दुसऱ्या दिवशी फ्रेंच ताब्यातील जिबूती बंदरात आला. ब्रिटिश सरकारने त्याच्या विनंतीवरून एंटरप्राइझ तेथे पाठविली होती. ४ मे रोजी सम्राट, सम्राज्ञी मेनेन, त्यांची मुले आणि काही सरदार नौकेवर चढले; शाही खजिन्याच्या काही पेट्याही चढविण्यात आल्या. बरोबर येऊ इच्छिणारे पुष्कळ होते. नौकेवर जागा थोडी होती. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, मार्शल बादोल्यो याचे सैन्य अदिस अबाबात शिरले.

या सफरीला ब्रिटिश सरकारने एक अट घातली होती. प्रवासात असताना सम्राटाने युद्धाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणत्याही प्रकारे चालना देऊ नये, ही ती अट. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन याने पार्लमेंटात ती जाहीरही केली. म्हणजे ब्रिटिश युद्धनौकेचे संरक्षण सम्राटाच्या देहाला होते, त्याच्या राज्याला नव्हते. लाल समुद्रात कोणत्याही इटालियन नौकेने एंटरप्राइझला अडविण्याचे धाडस केले नसते. नेमकी हीच गोष्ट अशी की, ती सहा महिने आधी कालव्याच्या तोंडाशी वापरली असती तर परिणाम निराळा झाला असता, असे तेव्हाही अनेकांना वाटत होते. एंटरप्राइझ सुएझ कालव्यातून उत्तरेकडे गेली. आक्रमक सैन्य त्याच कालव्यातून दक्षिणेकडे आले होते.

८ मे रोजी नौका पॅलेस्टाइनच्या हैफा बंदरात पोहोचली. तेथून सम्राट जेरूसलेमला गेला. इथिओपियाच्या ख्रिस्ती संप्रदायाचे तेथे शतकानुशतकांपासून मठ आहेत, त्यामुळे यात्रा म्हणून तो मुक्काम शोभून दिसला. ९ मे रोजी मुसोलिनीने रोममध्ये इटालियन साम्राज्याची घोषणा केली. त्याच दिवशी हिंदुस्थानात काँग्रेसच्या आवाहनावरून ठिकठिकाणी ‘ॲबिसिनिया दिन’ पाळण्यात आला. काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी इथिओपियाच्या प्रश्नाचा संबंध हिंदी स्वातंत्र्याच्या प्रश्नाशी जोडला. ज्या देशाच्या वर्षासनावर ईस्ट इंडीजचे दल काही अंशी चालत होते, त्या देशातील जनमत त्या दलाला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत होते.

पुढचा प्रवास एंटरप्राइझने केला नाही. २३ मे रोजी ‘केपटाउन’ या दुसऱ्या क्रूझरने सम्राटाला हैफाहून जिब्राल्टरला नेले. तेथे त्याला ‘ऑर्फर्ड’ या साध्या प्रवासी आगबोटीत बसविण्यात आले आणि ३ जून रोजी तो साउथॅम्पटनला उतरला. युद्धनौकेतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या राजाचे सरकारी स्वागत करावे लागते, प्रवासी आगबोटीतून उतरणाऱ्याचे करावे लागत नाही. या बदलामागील हेतू तेव्हाही लपून राहिला नव्हता. लंडनमध्ये जनतेने त्याचे उत्स्फूर्त स्वागत केले. त्या वेळी ब्रिटनच्या गादीवर आठवा एडवर्ड होता, म्हणजे आठ वर्षांपूर्वी याच एंटरप्राइझवरून धावपळीने घरी आलेला युवराज. त्याने सम्राटाला राजवाड्यावर बोलाविले नाही. भावाला भेटीस पाठविले. डिसेंबरात तो स्वतःच राज्यत्याग करून परदेशी गेला.

३० जून रोजी हैले सेलासीने जिनीव्हा येथे राष्ट्रसंघापुढे भाषण केले. निर्बंध १५ जुलै रोजी उठविण्यात आले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ब्रिटनने इथिओपियावरील इटलीच्या सत्तेला कायदेशीर मान्यता दिली. त्या मान्यतेचे आयुष्य अल्प ठरले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि इरिट्रियातील केरेनच्या डोंगररांगांवर फेब्रुवारी–मार्च १९४१ मध्ये जी निकराची लढाई झाली, तीत चौथ्या व पाचव्या हिंदी डिव्हिजनांचा मोठा भाग होता. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. महाराष्ट्रातील कित्येक शिपाई तेथील दफनभूमीत व स्मारकावरील नावांत राहिले आहेत. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याच्या पाचव्या वर्षदिनी, सम्राट अदिस अबाबात परतला. क्रूझरने १९३६ मध्ये जे टाळले होते, ते पायदळाला करावे लागले.

युद्धकाळ आणि अखेर : १९३८ मध्ये एंटरप्राइझ राखीव दलात गेली, युद्ध सुरू होताच तिला बाहेर काढण्यात आले. ऑक्टोबर १९३९ मध्ये ब्रिटनचे सोने कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात पोहोचविणाऱ्या नौकांत ती होती. १९४० मध्ये नॉर्वेतील नार्व्हिकच्या मोहिमेत तिने किनाऱ्यावर मारा केला आणि ३ जुलै रोजी अल्जीरियातील मर्स-एल-केबीर येथे फ्रेंच आरमारावर झालेल्या दुर्दैवी हल्ल्याच्या वेळी ती उपस्थित होती. नंतर ती हिंदी महासागरात परतली. ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी श्रीलंकेच्या दक्षिणेस ‘डॉर्सेटशर’ व ‘कॉर्नवॉल’ या दोन मोठ्या क्रूझर थोड्याच वेळात बुडविल्या. तेलाने माखलेल्या पाण्यात तीस तासांच्या आसपास तरंगत असलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी एंटरप्राइझ आणि ‘पॅलाडिन’ व ‘पँथर’ या विनाशिकांनी उचलले. १,१२२ जण वाचले. तिच्या जुन्या कामांच्या जातीचेच हे काम, परंतु या वेळी त्याला कोणतीही अट नव्हती.

ज्यासाठी ती बांधली गेली होती ती लढाई तिला पंचवीस वर्षांनी मिळाली. २८ डिसेंबर १९४३ रोजी बिस्केच्या उपसागरात, खवळलेल्या समुद्रात, ‘ग्लासगो’ व एंटरप्राइझ या दोनच क्रूझरनी संख्येने कितीतरी अधिक असलेल्या जर्मन विनाशिका व पाणतीर-नौकांना गाठले आणि त्यांपैकी ‘झेड २७’, ‘टी २५’ व ‘टी २६’ या तिघी बुडविल्या. जर्मन नौकांचा वेग, त्यांचा पाठलाग, उघड्या समुद्रातील तोफांची झुंज : १९१८ च्या आराखड्यातले सारे गृहीत त्या दुपारी एकदाचे खरे झाले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या ‘यूटा’ किनाऱ्यावरील आणि नंतर शेरबूरवरील भडिमारात तिने भाग घेतला. युद्ध संपल्यावर आग्नेय आशियातून सैनिकांना घरी आणण्याचे काम तिच्याकडे आले. एप्रिल १९४६ मध्ये तिची विक्री झाली आणि वेल्समधील न्यूपोर्ट येथे ती मोडण्यात आली. एमरल्ड तिच्यामागे दोन वर्षांनी गेली.